कानात कापूस घालून बघितलेला टीव्ही

बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या त्या झगमगीत दुकानात शारदाबाईंनी पिशवीतून कापूस काढला, त्याचे दोन बोळे वळले आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत आपल्या दोन्ही कानांत दाबून बसवले. मग स्टूल ओढून त्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीसमोर बसल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हं. आता आवाज बंद कर आणि लाव."

दुकानदार सयाजी त्यांच्याच समाजातला, लांबच्या नात्यातला. तो हबकला. "अक्का, आवाज बंदच करायचा तर कापूस कशाला?" टीव्हीचा आवाज बंद करता येतो, दुकानदाराचा येत नाही, म्हणून कापूस. पण हे त्याला सांगत बसायची शारदाबाईंना गरज वाटली नाही. त्यांनी नुसता हात हलवून 'लाव' अशी खूण केली.

कारण अगदी साधं होतं. त्यांचे यजमान वासुदेवराव ठार बहिरे होते. केबलवाल्याने धंदा गुंडाळायला काढल्यामुळे घरात आता इंटरनेटवरचा टीव्ही घ्यायचा होता, आणि अशा टीव्हीत माणसं काय बोलतात ते पडद्याखाली अक्षरांत येतं, असं नात अक्षरा सांगून गेली होती. ते ऐकल्यापासून शारदाबाईंच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. मुलगा गिरीधर म्हणाला होता, "अम्मा, कुठलाही घेऊ, सगळे सारखेच." सगळे सारखे! ज्याला दोन्ही कान धड आहेत त्याला सगळे सारखेच असणार.

वासुदेवरावांचा जन्म कापडगिरणीत गेला. मागखात्यातल्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठांनीच बोलावं लागे, एवढा तो आवाज. गिरणी बंद पडली तोवर कानही बंद पडत आले होते. पुढे कानाची दोन मशिनं आणून झाली. त्यांनी शब्द काही वाढले नाहीत, नुसती किटकिट वाढली, आणि दोन्ही मशिनं कपाटात जाऊन पडली. आता बायकोचे ओठ तेवढे त्यांना वाचता यायचे, तेही ती समोर बसून सावकाश बोलली तर. रोज सकाळी दारातल्या खुर्चीत बसून कन्नड पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, आणि रात्री जेवताना सगळ्यांबरोबर टीव्हीसमोर बसायचं. घरचे हसले की तेही हसत. जरासे उशिराच हसत, आधी सुनेच्या तोंडाकडे बघून घेत. हे एक दिवस शारदाबाईंच्या लक्षात आलं. नवरा आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसतो, ही गोष्ट त्यांना सोसेना.

आणि सोसायची त्यांना सवयही नव्हती. नोकरीतली सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली बाई. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि पलीकडे कोणी मयताची बातमी द्यायला ताटकळलेला, तर कोणी मुलगा झाला म्हणून ओरडत असलेला. लाइन जोडून दिल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हा त्यांचा धर्म. पूर्वी एका साहेबाने बोलताना 'ए ऑपरेटर' म्हटलं तर त्याला त्यांनी आधी नीट बोलायला शिकवलं होतं आणि मग नंबर जोडून दिला होता. ही गोष्ट त्या मोठ्या अभिमानाने सांगत, आणि दर वेळी सांगताना त्यांना नव्याने राग यायचा.

तर सयाजीने टीव्हीला जोडायचा इंटरनेटचा डबा लावला. जगातले सगळे चॅनल, सगळ्या भाषा, कधी अडकणार नाही, असं तो गिऱ्हाइकांना रोज सांगत असे. पहिल्याच चॅनलवर एक बाई तोंड उघडून तशीच राहिली आणि तिच्या नाकावर ते चक्र गोल गोल फिरायला लागलं. दुसऱ्यावर चित्र होतं, पण अक्षरांचा पत्ता नाही. तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर नाही. शारदाबाईंनी एका कानातला बोळा काढला.

"सयाजी, अक्षरं कुठायत?"

"अक्षरं कोण वाचतं अक्का! ती इंग्लिश पिक्चरला असतात, आपल्याला भाषा कळत नाही म्हणून. आपल्या भाषेला कशाला?" सयाजी हसत म्हणाला. "स्वल्प आवाज मोठा ठेवायचा अण्णांसाठी. स्पीकर देतो मी चांगला."

बहिऱ्या माणसाला चांगला स्पीकर! शारदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या बापाला चष्म्याऐवजी मोठा दिवा देतोस का रे?" त्यांनी विचारलं, दुसरा बोळाही काढला, आणि तिथून मागडी रोडच्या घरापर्यंत दोन बसमध्ये त्या स्वतःशीच बोलत आल्या. शेजारी बसलेल्या मुलीने तर हळूच जागा बदलली.

कोरमंगलात पीजीत राहून नोकरी करणारी अक्षरा शनिवारी घरी आली की मग निवडीचा कारखाना सुरू होई. अक्षरा एकेका कंपनीची फुकटची चार दिवसांची मुदत घेई आणि शारदाबाई कापूस घालून बसत. गिरीधर म्हणायचा, "अम्मा, अख्खं जग चित्र किती स्पष्ट आहे ते बघतं, आणि तू काय बघतेस?" त्या काय बघत होत्या ते त्याला कधी कळलंच नाही. कापूस घालून बसल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं की टीव्हीतली माणसं किती बोलतात. नुसती तोंडं हलतात, हातवारे होतात, एकजण रडतो, दुसरा उठून जातो, आणि का, ते कोणी सांगत नाही. अर्ध्या तासात त्यांना भांडी आपटावीशी वाटली. हे माणूस वर्षानुवर्षं गप्प बसून कसं सोसतं?

आणि कंपन्या तरी कशा! एकीची अक्षरं संवाद संपून पात्र घराबाहेर पडल्यावर यायची. एकीची नीट होती, पण सोमवारी ॲप नवं झालं आणि अक्षरं जी गेली ती गेलीच. एकीच्या जाहिरातीत 'सर्वांसाठी मनोरंजन' असं होतं आणि आत अक्षरं फक्त इंग्रजीत. शारदाबाईंनी प्रत्येक कंपनीला फोन केला. फोन केला की आधी संगीत. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगायची आणि पुन्हा संगीत. "महत्त्वाचा असता तर उचलला असतास!" शारदाबाई त्या आवाजाला सुनवायच्या. जिने आयुष्यात एक कॉल अधांतरी सोडला नाही तिला हे संगीत म्हणजे तोंडावर मारल्यासारखं वाटे.

शेवटी एक सेवा त्यांच्या कापसाला उतरली. तिच्यात बाकी भाषांबरोबर मराठी कार्यक्रम होते. चित्र अडकत नव्हतं, आणि खाली ठसठशीत मराठी अक्षरं, बोलल्याबरोबर हजर. एक अक्षर मागे नाही, एक पुढे नाही. शारदाबाई कापूस घालून अख्खा भाग बघत बसल्या आणि त्यांना सगळं कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर आपली मराठी! साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर इथे आलेल्या घराण्यात मराठी उंबऱ्याच्या आत बोलायची आणि कन्नड उंबऱ्याच्या बाहेर, अशी रीत. ती आतली भाषा नवऱ्याच्या डोळ्यांसमोर लिहून येणार, याचं त्यांना कोण कौतुक. वर्षाचे पैसे एकदम भरले. सयाजीला मुद्दाम फोन करून सांगितलं.

वासुदेवराव त्या दिवसापासून टीव्हीसमोर असे काही रमून बसत की बघणाऱ्याला बरं वाटावं. पडद्याच्या खालच्या कडेला नजर, ओठांवर हसू. "कळतंय ना?" शारदाबाई समोर येऊन ओठ मोठे करून विचारत. ते जोरजोरात मान हलवत. "आयतु, आयतु. छान आहे." अक्षराने व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला.

मग एके संध्याकाळी त्या गुणाच्या सेवेनेही आपले गुण दाखवले. मालिका संपली, जाहिराती लागल्या, पुढचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला, तरी आधीच्या मालिकेतलं एक वाक्य पडद्याच्या खाली चिकटून बसलं. हलायला तयार नाही. 'वडिलांची शपथ, मी त्याला सोडणार नाही.' वर एक बाई शांतपणे वांगी चिरते आहे आणि खाली वडिलांची शपथ. रूपश्रीला, म्हणजे सुनेला, हसू आवरेना. शारदाबाई कंपनीला शिव्या घालत रिमोट शोधायला उठल्या आणि त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं.

वासुदेवराव त्या अक्षरांकडे बघत होते. ओठांवर तेच हसू. मधूनच मान हलवत होते, जणू ओळीमागून नवी ओळ येते आहे.

शारदाबाई जागच्या जागी थिजल्या. पेपर! रोज सकाळी त्यांच्यासमोर वाचला जाणारा पेपर कन्नड. बसची पाटी कन्नड. औषधाचं नाव लिहून ठेवलं तर तेही कन्नडमध्ये. घरात जन्मभर मराठी बोललेला हा माणूस कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकला आणि गिरणीत लागला. देवनागरी शिकवायचे ती हिंदीबरोबर, वरच्या वर्गात. शारदाबाई हायस्कुलात गेल्या होत्या म्हणून त्यांना देवनागरी यायची, आणि आपल्याला येतं ते नवऱ्याला येतच असणार असं त्यांनी धरून चाललं. त्याला मराठी येते, म्हणून मराठी वाचता येत असणार! घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. कापूस कानात घातला, पण डोळे त्यांनी स्वतःचेच वापरले.

त्या नवऱ्यासमोर जाऊन बसल्या. "तुम्हाला ही अक्षरं वाचता येतात?"

वासुदेवरावांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी आधी सुनेकडे बघितलं, मग खाली. बहिऱ्या माणसांचा आवाज कुठे चढेल सांगता येत नाही. ते हळू बोलायला गेले आणि सगळ्या घराला ऐकू गेलं. "नाही येत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी भांडलीस सगळ्यांशी. मारतहळ्ळीपर्यंत जाऊन आलीस. आता कसं सांगायचं?"

त्या क्षणी शारदाबाईंना कुणाचा राग आला ते सांगणं अवघड आहे. स्वतःचा आला, नवऱ्याचा आला, चौथीनंतर त्याला गिरणीत घालणाऱ्या मेलेल्या सासऱ्याचाही आला. पण या सगळ्यांवर राग काढून उपयोग नव्हता, आणि फोन हाताशी होता.

या वेळी त्याच कंपनीचं संगीत संपेपर्यंत त्या उभ्याने थांबल्या. पलीकडून एका मुलीचा आवाज आला. शारदाबाईंनी कन्नडमधून सरळ विचारलं, तुमच्याकडे कन्नड कार्यक्रम आहेत ना? त्यांना कन्नड अक्षरं पाहिजेत.

"मॅडम, कन्नड कार्यक्रमांना इंग्लिश सबटायटल्स आहेत."

"इंग्लिश नको. कन्नड."

"पण मॅडम," मुलगी अगदी गोड, समजावणीच्या सुरात म्हणाली, "ज्यांना कन्नड येतं त्यांना ऐकू येतंच ना? मग त्यांना अक्षरं कशाला लागतील?"

शारदाबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. रूपश्रीने हातातलं ताट खाली ठेवलं, कारण सासूबाईंनी असा कान बदलला की पुढे काय येतं ते तिला माहीत होतं.

"काय म्हणालीस? कन्नड येणाऱ्या सगळ्यांना ऐकू येतं? अगं, या गावात माग चालवून चालवून किती माणसं बहिरी झाली, तुला ठाऊक आहे? तुझ्या अंगातला कपडा काय आपोआप विणून आला? म्हातारी झालेली, आजारात कान गेलेली, जन्मतःच बहिरी, ही सगळी माणसं कुठल्या भाषेची? त्यांना काय भाषा नाही? परदेशातल्या माणसाला आमची मालिका कळावी म्हणून तुम्ही अक्षरं घालता, आणि इथल्याच माझ्या नवऱ्याला कळावी म्हणून घालायची म्हटलं तर 'कशाला'? तुम्ही कंपन्यावाले 'सर्वांसाठी' लिहिता, लाज नाही वाटत?"

मग मुलगी म्हणाली, "आपला अभिप्राय नोंदवून घेतला आहे, मॅडम. अजून काही मदत करू शकते का?"

"अजून? आधीची कुठे केलीस?" असं म्हणून शारदाबाईंनी फोन ठेवला. उरलेलं वर्ष कंपनीला लखलाभ म्हणाल्या. पैसे परत मिळणार नव्हतेच.

पुढच्या शनिवारी अक्षरा आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. अज्जाचा व्हिडिओ तिने पुसून टाकला होता. तिने ऑफिसातल्या सगळ्यांना विचारलं होतं, आणि एका लहानशा सेवेचं नाव घेऊन आली होती. चॅनल थोडेच होते, जाहिरात कुठेच नव्हती, पण कन्नड मालिकांना कन्नड अक्षरं होती. सगळे घरी दोन वर्षं रोज रात्री बघत होते ती कॉफीच्या मळ्यातल्या दोन भावांची मालिकाही त्यात होती. "आजी, सरी? चालेल ना? कापूस आणू?" अक्षराने विचारलं.

"कापूस राहू दे," शारदाबाई म्हणाल्या. "ज्याची परीक्षा त्याने द्यावी." आणि नवऱ्याला हाताला धरून त्यांनी टीव्हीसमोर आणून बसवलं. पैसे भरले नाहीत, शब्द दिला नाही. आधी त्याने वाचावं.

मालिका लागली. मोठा भाऊ, मिशाळ आणि शांत चेहऱ्याचा, वकिलाशी बोलत होता. खाली कन्नड अक्षरं उमटली. वासुदेवरावांचे ओठ हलायला लागले. ते पुटपुटत वाचत होते, प्रत्येक ओळ, आणि ओळ संपायच्या आत पुढची यायची तर चिडून हात उडवत होते. शारदाबाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याचे डोळे बघत होत्या. डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, पुन्हा डावीकडे येत होते.

एकाएकी वासुदेवराव ताडकन उठले. "खोटं आहे हे!" ते गरजले.

सगळे दचकले. "काय झालं?" शारदाबाई समोर धावल्या.

"हा धाकट्याची जमीन लाटतो म्हणे. वकिलाला सांगतोय, खोटी सही करू. हा असं बोलणार नाही! अक्षरं चुकलीत!"

"अहो, तो चोरच आहे! पहिल्यापासून चोर आहे!"

"कोण म्हणतं? एवढे दिवस बघतोय मी त्याला. आईच्या पाया पडतो. गाईला हाताने चारा घालतो. धाकटाच हलकट आहे, डोळे बघ त्याचे!"

ज्या घरात रोज एकच मालिका चालत होती तिथे वासुदेवराव इतके दिवस दुसरीच मालिका बघत आले होते, स्वतः रचलेली, आणि तिच्यात मोठा भाऊ देवमाणूस होता. शारदाबाईंना कोण संताप आला. "मी माझ्या कानांनी ऐकतेय तो काय बोलतो ते! दोन वर्षं ऐकतेय!"

"तू ऐकतेस. मी बघतो," वासुदेवराव म्हणाले. "बोलायला काय, कोणीही काहीही बोलेल. त्याचं तोंड बघ."

"बाबा म्हणतायत त्यात तथ्य आहे हं," गिरीधर मध्येच म्हणाला, "परवा त्याने धाकट्याला दवाखान्यात नेलं होतं." हे त्याने वडिलांकडे तोंड करून, ओठ मोठे करून म्हटलं. रूपश्री सासूच्या बाजूने उतरली. अक्षराने भाग मागे नेऊन पुन्हा लावला, तर वासुदेवरावांनी ओळ न् ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि प्रत्येक ओळीतून मोठ्या भावाच्या बाजूचा अर्थ काढला. शारदाबाईंनी तो खोडून काढला. नवऱ्याने तोच अर्थ पुन्हा लावला. आमटी गार झाली, शेजारच्या ठकुबाई खिडकीतून डोकावून गेल्या.

कान गेल्यापासून वासुदेवरावांशी या घरात कोणी भांडलं नव्हतं. त्यांना सगळे जपत होते, वाढत होते, मान हलवत होते, त्यांच्यासमोर हसत होते. शारदाबाईसुद्धा त्यांच्यासाठी अख्ख्या बंगळूरशी भांडल्या, पण त्यांच्याशी नाही. आता त्यांचा आवाज चढला होता, पदर खांद्यावरून घसरला होता, आणि समोरचा म्हातारा एक पाऊल मागे सरत नव्हता.

"तुम्हाला ना, काही म्हणजे काही कळत नाही!" त्या ओरडल्या. पण एवढ्या सावकाश आणि एवढे ओठ उघडून ओरडल्या की त्यातला एकही शब्द नवऱ्याच्या नजरेतून सुटू नये.